तिसऱ्या रविवारची हरकत

गुरु., ८ मे
सुमितचा फोन लॅबमध्ये असतानाच आला. ओझरहून, कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत. "स्नेहल, मला हे लग्न नाही जमणार. तू चांगली आहेस गं, प्रॉब्लेम माझ्यातच आहे." माझ्या हातात कुणाच्या तरी रक्ताची नळी. तिच्यावर नाव लिहिलं, पुढच्या पेशंटला मूठ आवळायला सांगितली. साखरपुडा झालाय, चर्च बुक आहे, आणि हा गृहस्थ डबा खाता खाता लग्न मोडतो!
घरी पप्पांना सांगितलं. "येईल वळणावर," एवढंच म्हणाले. मग दोघं जेवायला बसलो. मम्मी गेल्यापासून या घरात अवघड ते कुणी बोलायचं, हेच ठरलेलं नाही.

शनि., १० मे
अंगठी काढून कपाटात ठेवली. प्रार्थनेला बसले तर शब्दच नाहीत. लहानपणापासून जेवणाआधी, झोपण्याआधी, परीक्षेआधी... आणि आज एक ओळ सुचेना. देवाने ऐकायचं सोडलंय की मीच...
पप्पांना विचारलं, "पाळकसाहेबांना कळवलंत ना? चर्चमधली उद्याची जाहिरात थांबवायची." "हो, हो."

रवि., ११ मे
कळवलं नव्हतं.
लग्नाची जाहिरात उपासनेत तीन रविवार वाचतात. दोनदा झाली होती. आज शेवटची. पाळकसाहेब हसतमुखाने वाचायला लागले. सुमितचं नाव, माझं नाव. "या दोघांच्या लग्नास कोणाची हरकत असल्यास त्यांनी आताच सांगावं." यावर कुणी कधी बोललेलं मी तरी ऐकलं नाही. तेवढ्यात लोक खोकून घेतात. पप्पा मंडळीचे पंच, चर्चच्या कमिटीतले, म्हणून पुढच्या बाकावर. मान खाली.
मीच उभी राहिले. "पाळकसाहेब, मुलाने लग्न मोडलंय."
मग कुणीतरी घाईघाईने गीत सुरू केलं, सगळे गायला उभे राहिले. मी बाहेर पडले. फाटकाशी थोडी रेंगाळले, मुद्दाम. मागे कुणीही आलं नाही.

मंगळ., १३ मे
पप्पा म्हणाले, "मला वाटलं रविवारपर्यंत मुलाकडच्यांचा फोन येईल. तू किती खूश होतीस." आणि रडले. धड चिडताही येईना.
मंडळीच्या ग्रुपवर सकाळपासून बायबलची वचनं, फुलं, जोडलेले हात. सगळं माझ्यासाठीच असणार, पण नाव कुणी घेत नाही. इतकी एकटी मी कधीच नव्हते. त्याच चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला. आता ती पायरी चढवत नाही. आणि तिथे नाही तर मी जाऊ कुठे?

शुक्र., १६ मे
लॅबमध्ये शेवंतामावशी. आमच्या चर्चमधल्या, रिटायर्ड नर्स. निमित्त शुगरच्या रिपोर्टचं.
"रविवारी तुझ्यामागे यायला उठले होते गं. गुडघ्यांनी दगा दिला." मग म्हणाल्या, "काय मागू देवाजवळ तुझ्यासाठी?"
"काही नको. मी बोलत नाही त्याच्याशी सध्या."
वाटलं, आता उपदेश. तर म्हणाल्या, "बरं. सांगते त्याला, पोरगी रागावलीये म्हणून. तू नुसती येऊन बस. तुझ्या वाटचं मी बोलते."
त्या गेल्यावर आतल्या खोलीत जाऊन पोटभर रडले. सुमितचा फोन आल्यापासून पहिल्यांदाच.

रवि., १८ मे
गेले. मागचं बाक. पुढच्या दोघी बोलत होत्या, मला बघून गप्प झाल्या. वाटलं, उठावं. तेवढ्यात मावशी आपली नेहमीची जागा सोडून शेजारी येऊन बसल्या, जड, हुश्श करत. बाकी कुणी आलं नाही.
प्रार्थनेला माना खाली गेल्या. मावशींचे ओठ हलत होते, माझ्या वाटचं चाललं असेल. आणि मग मीही, तोंडातल्या तोंडात... प्रभू, मला राग आलाय. तुझाही. सुमितसाठी माझ्याकडून काही मागवत नाही, ते तू बघ. पप्पांना सांभाळ. उद्या सोमवार, उपाशीपोटी आलेल्यांची रांग असेल. सुई धरताना हात थरथरू देऊ नको.
मंडळीने आमेन म्हटलं. मी नाही म्हटलं. माझं बोलून झालं नव्हतं.