पुसण्याआधीच्या चार ओळी

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

नमस्कार. फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर आले. कागद वाजत नाही, निदान त्याला तरी हाकलणार नाहीस. इकडे सगळं ठीक. न्हाणीघरातला नळ गळतोय, माझी दाढ दुखतेय, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू गाणं शिकायला लागल्यात, म्हणजे तिन्ही दुखणी एकदमच आली. भावजी कसे आहेत? तुझी पाठ?

कामाचं सांगते. कंटाळा येईल, पण वाच. आमचं ऑफिस लोकांचे फोनवरचे निरोप जपून ठेवतं, हे तुला माहीतच आहे. बाबांचेही तिथेच आहेत, तुझ्या खात्यात. आता ग्राहकांच्या विनंत्या एजंट बघणार, म्हणजे माणसाच्या जागी बसवलेला प्रोग्राम. त्याच्या हातात आम्ही टूल देतो. एक शोधायचं, एक पाठवायचं, एक पुसायचं. कुठलं कधी वापरायचं ते मी लिहून देते आणि तो तेवढंच वाचतो. "एवढं तर कळायला हवं ना!" असं त्याला म्हणून चालत नाही.

पुसायच्या टूलपुढे मी लिहिलं होतं, "ग्राहकाने मागितल्यास निरोप पुसते." सुटसुटीत. साहेब खूश. आम्ही त्यांना दोनओळी म्हणतो, कारण तिसरी ओळ दिसली की त्यांच्या कपाळाला आठी पडते.

मंगळवारी चाचणी घेतली. खऱ्या विनंत्यांच्या नकला, नावं झाकलेली. एकीत लिहिलं होतं, शेवटचा निरोप तेवढा काढा, ऐकवत नाही. एजंटने टूल उचललं, वापरलं आणि अदबीने कळवलं, "आपले काम झाले आहे." उघडून बघते तर खातं रिकामं! ते टूल एकेक निरोप पुसतच नाही गं, अख्खं खातं धुऊन काढतं, आणि गेलेलं परत येत नाही. ऑफिसात सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून कोणी लिहिलंच नाही. मीही नाही.

नक्कल होती, खरं काही गेलं नाही. तरी माझं चित्त थाऱ्यावर येईना. पाणी प्यायला उठले, पेला तिथेच विसरून आले, पुन्हा उठले. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "बस गं बाई एका जागी."

मग नव्याने लिहिलं. "हे टूल खात्यातले सगळे निरोप पुसते. एकच निरोप पुसता येत नाही. पुसलेले परत आणता येत नाहीत. हे ग्राहकाला आधी सांग आणि तो स्पष्ट हो म्हणेपर्यंत थांब, उत्तर आले नाही तर होकार धरू नकोस."

दोनओळी म्हणाले, "अहो, यंत्राला एवढं काय समजावताय? बाळ आहे का ते?"

"बाळ परवडलं, सर. ते निदान आधी आपल्या तोंडाकडे बघतं."

त्यांच्यासमोर दोन्ही चालवून दाखवलं. जुन्या ओळीने खातं साफ. नव्या ओळी वाचून एजंट थांबला, प्रश्न लिहिला आणि तिथेच राहिला. दोनओळींनी पडद्यावर बोट ठेवून नव्या ओळी मोजल्या. "ठेवा," म्हणाले. "पण पाचवी नको."

आता ज्याच्याभोवती इतका वेळ घिरट्या घालतेय, ते. त्या विनंतीत पुढे एक वाक्य होतं. "येताना गरम पाण्याची पिशवी आण, असं म्हणणारा निरोप."

ताई, नाव झाकून काय होतं? हे तुला सांगणं नियमात बसत नाही. नाही तर नाही.

तू पोचलीस तेव्हा पिशवी तुझ्या हातात होती आणि बाबा गेले होते. तू उशीर केला नव्हतास गं. जवळची दोन्ही दुकानं बंद होती, तू कुठून कुठून शोधून आणलीस. मी तुला कधी दोष दिला नाही, पण हे तोंडाने म्हटलंही नाही. तुला कळत असेल, असं धरून चालले.

खरी विनंती अजून रांगेत आहे. एक तारखेला एजंट कामाला लागला की तुला विचारेल. विचारण्याचे शब्द माझे, उत्तर तुझं. खातं तुझं आहे, मी त्यात हात घालणार नाही. पण त्या एका निरोपाबरोबर बाकीचेही जातील. आधी खाकरून "हॅलो, मी बोलतोय" म्हणणारे, जणू दुसरं कोणी बोलणार होतं! तुझ्या वाढदिवसाला फोन उलटा धरून म्हटलेलं ते गाणं, ज्यात नुसता पंखा ऐकू येतो, तेही जाईल. मला ते हवंय. सरळच सांगते, मला बाबांचा आवाज हवाय आणि तूही हवीयस.

तो निरोप ऐकवत नसेल तर नको ऐकूस. मी येते. मी ऐकेन, तू स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहा.

भावजींना नमस्कार. तू उत्तर दिलं नाहीस तरी काही पुसलं जाणार नाही, तेवढं मी बघितलंय. एजंट थांबेल, त्याला थांबायचं काही वाटत नाही. मला वाटतं.

तुझी,
भुणभुण

(बाबांची ही हाक आता त्या खात्यातच ऐकू येते. नाहीतर तू तरी हाक मार.)