ब्याऐंशी हेक्टर

12 मार्च, बुधवार

तीन दिवस! पाचाचे तीन केले!

पाटबंधारे खात्याची नोटीस आली. नदीतल्या उपशाचा फेरआढावा झाला म्हणे, आणि उन्हाळ्यासाठी नव्या मर्यादा ठरल्या. आमच्या पाणी संस्थेने पंधरा दिवसांतून तीनच दिवस मोटारी चालवायच्या. बाकी बारा दिवस उपसाबंदी. मोटार चालू दिसली की वीज तोडणार.

आणि नदीच्या वरच्या अंगाचं गाव? त्यांना आठ. होते तसेच. कारण त्यांच्या परवान्यावर 82 हेक्टर आहे आणि आमच्या 31.

ते वरचं गाव म्हणजे माझं माहेर. लहानपणी ओढ्यापासून बस्तीपर्यंत, आमच्या जैन मंदिरापर्यंत, सगळी रानं मी अनवाणी पालथी घातली आहेत. देऊळ, शाळा, स्मशान सगळं धरलं तरी 82 होत नाही! शक्यच नाही.

माझे यजमान शांतिनाथ असते तर म्हणाले असते, आधी चहा घे, मग भांड. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. तेव्हापासून संस्थेचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात — ‘वहिनींना इंग्रजी येतं’ म्हणून. इंग्रजीने नदी भरत असती तर!

15 मार्च

धोंडुबाई येऊन गेली. तिची वीस गुंठे वांगी आमच्या पाइपलाइनच्या अगदी शेवटाला. पाच दिवसांच्या पाळीत तिला जेमतेम एक रात्र मिळायची.

‘बाई, तीन दिसात माझ्या वाट्याला काय यील? पायपातली वाफ?’

मी चहाचं आधण ठेवलं.

‘आसू द्या. वांगी झाडालाच भाजून निघत्यात. भरीत आयतंच.’

हसली. मला हसू येईना. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, कागलच्या एमआयडीसीत झाडलोटीला बाया घेतात, मुकादमाला विचारून ठेवलंय. या वर्षी पाणी मिळालं नाही तर रान सोडणार. नवऱ्यामागे एकटीने बावीस वर्षं कसलेलं रान!

16 मार्च, रविवार

अभिनंदनला फोन केला. माझा सख्खा धाकटा भाऊ, आणि माहेरच्या पाणी संस्थेचा अध्यक्ष. सरळ विचारलं — 82 कुठून आणलेत?

‘आक्का, परवाना सरकारनं दिलाय. मी काय घरात छापलाय व्हय?’

‘मग मोजून दाखव.’

‘तुला आकड्यातलं काय कळतंय? आप्पांनी चार नारळ आण म्हणून चिठ्ठी दिली, तर आठ घिऊन आलीस! अजून गाव हसतंय की.’

हे त्याने आत्ता काढावं! नऊ वर्षांची होते मी. कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून सुट्टीला घरी आलेली. मराठी चार माझ्या डोळ्यांना इंग्रजी आठच दिसायचा. आप्पा रागावले नव्हते. जास्तीचे चार बस्तीत देऊन आले आणि आईला म्हणाले, पोरीनं आपलं पुण्य वाढवलं बघ. तो माणूस कुठे आणि हा कुठे!

शेवटी म्हणाला, ‘माहेर बुडवतीस व्हय?’

फोन आपटला. मोबाइल धड आपटताही येत नाही.

20 मार्च

हातकणंगल्याला जाऊन आले. माहेरच्या संस्थेखालच्या सगळ्या गटांचे सातबारा काढले. कारकून एकेक क्षेत्र वाचत गेला, मी वहीत उतरवत गेले. (आकडे अजून इंग्रजीतच लिहिते. या वयात काय बदलणार!)

बेरीज तीनदा केली. 42 हेक्टर.

42! आणि परवान्यावर 82. चाळीस हेक्टर हवेतून उगवले. त्या चाळीस हेक्टरांचं पाणी दर उन्हाळ्यात आमच्या तोंडासमोरून वरच्या वर उचललं जातंय, आणि कात्री मात्र आम्हाला!

लेखी हरकत आजच टाकली. स्वतःच्या सहीने.

25 मार्च

मोटार बंद. समोर नदी वाहते आहे आणि बघत बसायचं.

30 मार्च, पाडवा

माहेरी गेले नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच.

सकाळपासून सारखी आई आठवते. नदीचं पाणी फडक्यातून गाळून घ्यायची, आणि फडक्यात राहिलेले जीव जपून परत नदीवर नेऊन सोडायची. ‘त्यांचं घर तिथं हाय.’ तांब्याभर पाण्यासाठी एवढा हेलपाटा! त्याच घरातला मुलगा चाळीस हेक्टरांचं पाणी गिळून बसलाय, आणि चतुर्मासात रात्रीचं जेवत नाही म्हणून मिरवतो.

आप्पा असते तर त्यांनी त्याला अंगणात उभं केलं असतं. आप्पांना खोटं खपायचं नाही. खरं बोललेलं आणि चांगलं अक्षर, दोनच गोष्टींचं वेड. पाहुणे आले की माझी वही बाहेर यायची. ‘सिस्टरांनी वळण लावलंय!’ लग्नाआधीची दोन वर्षं अर्ध्या गावाचे इंग्रजी कागद माझ्याच हातचे. बँकेचे, कोर्टाचे, मुंबईला नोकरी मागणारे. कुणाकुणाचं काय लिहिलं ते आठवतसुद्धा नाही. ओसरीवर बसून लिहायचे. आई लिंबाचं सरबत आणून ठेवायची आणि मुंग्या यायच्या.

पुरणपोळी केली. अर्धी खाल्ली.

3 एप्रिल, गुरुवार

कोल्हापुरात सुनावणी. जे झालं ते लिहूनच काढते.

साहेब तरुण, चष्म्याचा, सभ्य. ‘मॅडम, आम्हाला रेकॉर्डवर चालावं लागतं. क्षेत्राचा मूळ तक्ता 1984 सालचा आहे. योजनेच्या कर्जासाठी बँकेला इंग्रजीत दिलेला. तोच आमच्या फायलीत आहे. त्यात 82 आहे.’

‘सातबारा 42 म्हणतोय!’

‘मग तक्ता दिला कुणी, ते पाहावं लागेल. तेव्हाचे चिटणीस कोण?’

मागच्या बाकावरून पिराजीकाका उठले. ऐंशी उलटलेत. चाळीस वर्षं माहेरच्या संस्थेची चिटणिसी केली. लहानपणी मला सायकलच्या नळीवर बसवून एसटीला सोडायचे. टोपी काढून हातात घेतली. साहेबांनी फाइल पुढे केली. काका त्या कागदाकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग फाइल मिटली.

‘मला इंग्रजी वाचता येत न्हाय, साहेब.’

माझा तोल गेला. ‘वाचता येत नाही, पण फुगवता येतं! कुणाकडून किती घेतलंत? संस्था आप्पांनी उभी केली, विश्वास होता त्यांचा तुमच्यावर!’

अभिनंदन ओरडला, ‘आक्का, बास की आता!’

पिराजीकाका खाली बघून म्हणाले, ‘चूक माझीच धरा. कागद मीच पोचवला हुता.’

कबूल केलं! सगळ्यांसमोर! एक्केचाळीस वर्षं! मी तिथेच लेखी दिलं — या माणसावर गुन्हा दाखल करा. साहेब म्हणाले, कागदांच्या नकला दोन्ही बाजूंना पाठवतो, 25 तारखेला निकाल देऊ आणि फौजदारीचंही तेव्हाच ठरवू.

येताना एसटी स्टँडवर काका बाकावर बसलेले दिसले. एकटेच. मी तोंड फिरवलं.

4 एप्रिल

अभिनंदनचा निरोप, एका ओळीचा. पिराजीकाका कालपासून जेवले नाहीत.

न जेवू देत. धोंडुबाई किती वर्षं धड जेवलेली नाही!

10 एप्रिल, महावीर जयंती

पालखीला गेले. अभिनंदन समोरच्या रांगेत. नजर दिली नाही, मीही दिली नाही.

मला वाटलं होतं, धोंडुबाईला आनंद होईल. वांग्याची अर्धी झाडं वाळलीत, तरी म्हणते काय — ‘बाई, त्यो म्हातारा लबाड वाटत न्हाय मला.’

‘त्याने स्वतः कबूल केलंय!’

‘म्हणूनच की. लबाड कवा कबूल करतंय?’

तिच्यावरही ओरडले. तिच्यासाठीच एवढं सगळं करते आहे आणि ही वकिली करते त्याची!

२४ एप्रिल

नक्कल आली. इंग्रजी तक्ता, एकूण क्षेत्र 82. उजवीकडे झुकलेलं, गोल, सिस्टरांनी घोटून घेतलेलं अक्षर. माझं.

मागे टाचलेली आप्पांची चिठ्ठी, ज्यावरून मी उतरवलं. एकूण ४२.

उद्या सुनावणीत उभी राहून सांगणार. आधी पिराजीकाकांना फोन लावला. त्यांनीच विचारलं, ‘कागद मिळाला न्हवं?’

‘काका, तुम्ही त्या दिवशीच ओळखलंत?’

‘इंग्रजी वाचता येत न्हाय, पोरी. पण तुझं अक्षर वळखू येत न्हाय व्हय? बँकेत द्यायच्या आधी आप्पांनी गावभर फिरवून दाखवलं हुतं.’