तुझ्या भाऊजींचा बॉयलर

जयेंद्रगंज, लश्कर, ग्वाल्हेर
९ जानेवारी

चि. अंबरीश यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझी कंबर आणि शिखाची शुगर दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. इथे आम्ही आहोत. याहून जास्त लिहिण्यासारखं आमच्या तब्येतीत काही नाही. आठ दिवस नुसता कोहरा आहे, दाट धुकं. दाराशी उभा आहे तो दूधवाला की आणखी कोणी, हे आवाजावरून ओळखावं लागतं. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण तुझे भाऊजी दिवसभर फोनच्या शेजारीच बसलेले असतात.

यांचे मित्र जयसिंहराव ऑक्टोबरात गेले, हे तुला कळलंच. चाळीस वर्षं दोघं रोज सकाळी फिरायला जायचे आणि रोज भांडून परत यायचे. ते गेले आणि हे खुर्चीत बसले ते बसलेच. पेपर हातात घ्यायचा, तसाच घडी करून ठेवायचा. वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर विचारायचे नाहीत (मी एकदा मुद्दाम बघितलं). मग डिसेंबरात गीझर बिघडला, आणि एके दिवशी हे पट्टी-पेन्सिल घेऊन टेबलाशी बसले. मला वाटलं, मृत्युपत्र करताहेत. बघते तर बॉयलरचा नकाशा.

गीझर नको, लाइटचा भरवसा नाही, म्हणाले. गच्चीवर लाकडांचा बॉयलर आणि शेजारी तीनशे लिटरची टंकी. सकाळी एकदा पेटवायचा, ऊब टंकीत साठवायची, रात्रीपर्यंत गरम पाणी. तीन आठवडे तो नकाशा चालला. गार पाणी कुठून शिरणार, गरम कुठून निघणार, वाफ कोंडली तर कुठून जाणार. जेवताना आमटीत बोट बुडवून ताटात पाइप काढून दाखवायचे (मला काही समजत नव्हतं, पण बोलत होते). इंदरगंजातून टंकी आली. ती उबदार राहावी म्हणून तिच्याभोवती गुंडाळायला माझ्या लग्नातल्या दोन्ही रजया गेल्या. आता टंकी रजया पांघरते आणि आम्ही शाली. नळाचं काम करणाऱ्या सौरवनं पाइपासाठी बाथरूमची भिंत फोडली, ती अजून तशीच आहे, आणि अंघोळ करताना गच्चीवरचा वारा थेट पाठीवर येतो.

सगळी जोडणी झाली. पूजा करून बॉयलर पेटवला. दोन तासांनी नळ सोडला, तर पाणी बर्फ. दुसऱ्या दिवशी बर्फ, तिसऱ्या दिवशीही बर्फ. वर जाऊन रजईखालून टंकीला हात लावावा तर चटका बसत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी खालच्या बिऱ्हाडातल्या शालिनीताई गाजरहलवा घेऊन वर आल्या. म्हणाल्या, "काकांनी आमचाही किती विचार केला. तीन दिवस आमच्या नळाला कडकडीत पाणी येतंय." (हलवा चांगला झाला होता, हे कबूल करायला हवं.)

सौरवला बोलावलं. त्यानं नकाशा यांच्यासमोर धरला. "अंकलजी, आपने गरम वाला पाइप नीचे बनाया है, ठंडा वाला ऊपर. हमने वही जोड़ दिया." गरम पाणी टंकीत वरच्या अंगाला राहतं म्हणे. तेव्हा आम्हाला तळातलं गार मिळत होतं. आणि आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, गच्चीवरची दोन्ही बिऱ्हाडांची गार पाण्याची टंकी रिकामी झाली, की खालचा नळ आमचं वरचं गरम पाणी उलटं ओढून घ्यायचा.

हे चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. नकाशाची घडी घातली आणि म्हणाले, "जय्या असता तर पहिल्याच दिवशी म्हणाला असता, गोपाळ, तू गाढव आहेस." मग जाऊन खुर्चीत बसले.

तू तीस वर्षं साखर कारखान्यात बॉयलर सांभाळलेस म्हणून तुला कळवलं. माझं म्हणणं एवढंच, की या वयात माणसानं असल्या नादी लागू नये. भिंत गेली, रजया गेल्या, शालिनीताईंपुढे शोभा झाली ती वेगळीच. तुझ्याकडे कोणी सल्ला मागायला आलं तर त्याला बंबच घ्यायला सांग.

तुझी,
सुनंदाताई

ता. क. सौरवनं परवा एका दुपारात पाइपांची अदलाबदल केली आणि पाणी उलटं जाऊ नये म्हणून वॉल्व्हही बसवला. आता आम्हाला रात्रीपर्यंत कडकडीत पाणी येतं. त्यामुळे यांना करण्यासारखं काही उरलेलं नाही. सकाळी अंघोळ करतात आणि खुर्चीत जाऊन बसतात.

आणखी एक. सोबत नकाशाची झेरॉक्स आहे, त्यांच्या नकळत काढली. दुरुस्ती केल्यानंतरचा नकाशा आहे. नीट बघ आणि त्यात चूक काढ. नसली तरी काढ. पत्र त्यांच्या नावानं टाक, आणि आदरानं लिहू नकोस. भाऊजी, तुम्हाला यातलं काही कळत नाही, असं सरळ लिही. ते चिडून उत्तर देतील, त्यात पुन्हा खोट काढ. निदान होळीपर्यंत तरी चालव. भिंत दुसरीकडे फोडावी लागली तरी चालेल. मी आरडाओरडा करीन, तो मनावर घेऊ नकोस.