लॉन्ड्रीला तुमची आठवण येते

आदरणीय साडूसाहेबांना धाकट्या साडूचा वाकून (म्हणजे जन्मभर इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहिलेली कंबर जितकी वाकू देते, तितकं वाकून) नमस्कार.

इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुमचा रक्तदाब, ताईंची मान आणि गॅलरीतल्या कुंडीतला तो वर्षानुवर्षं वीतभरच राहिलेला लिंबू, या तिघांचीही तब्येत सुधारली असेल अशी आशा करतो. पत्राला उशीर झाला, कारण मध्यंतरी मी तुमच्यावर रागावलो होतो. तुम्हाला ते कळलं नसणार. मी माझ्या परीनं खूप रागावलो होतो, पण आपण लांब राहत असल्यामुळे तो राग तुमच्यापर्यंत पोचला नसावा. आता तो गेला आहे. कसा गेला, तेच सांगायला बसलोय.

तुम्ही मागे आला होतात, तेव्हा काउंटरशेजारच्या स्टुलावर बसून (त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे हे सांगायचं राहून गेलं होतं, त्याबद्दल पुन्हा एकदा माफी) तुम्ही समोरच्या नव्या लॉन्ड्रीकडे बघत होता. अख्खी काच, आत गोल खिडक्यांची यंत्रं, आणि लोक खुर्च्या टाकून स्वतःच्याच पँटी गरगर फिरताना बघत बसलेले. आमच्याकडे त्या दिवशी एक टेबलक्लॉथ आला होता, तोही तुमचाच. तुम्ही म्हणालात, "अहो, तुमच्याकडे इतक्या वर्षांची पावतीपुस्तकं आहेत. नाव, फोन, कोण काय देतं, कधी देतं. ग्राहकांची माहिती हेच खरं भांडवल!" मी मान डोलावली. खरं सांगायचं तर तेव्हा मी दुकान बंद करायच्या विचारात होतो. गोदामातल्या एका नोकरीसाठी ओळखीतल्या एकाशी बोलूनही ठेवलं होतं. हिला ते सांगितलं. एकाच उशीच्या अभ्र्यावर तिनं इतका वेळ इस्त्री फिरवली की तो अभ्रा कागदासारखा उभा राहायला लागला. मग म्हणाली, "आधी भावोजींचं ऐकून बघू."

तर ऐकलं. दुपारी गिऱ्हाईक नसे, म्हणजे हल्ली दुपार दिवसभरच असे. हिनं एकेक पावती वाचायची आणि मी एका बोटानं संगणकात भरायची, असा आमचा संसार काही आठवडे चालला. (दुसरी बोटं मदतीला येऊ बघत, पण त्यांनी काम वाढतंच.) तुम्ही फोनवर शिकवल्याप्रमाणे नेमानं येणारे ते सोनेरी ग्राहक, अधूनमधून येणारे ते रुपेरी आणि यायचे बंद झालेले ते निद्रिस्त, असे भाग पाडले. सोनेऱ्यांत मोजकी मंडळी निघाली. निद्रिस्तांची यादी मात्र संपेचना. सगळं गावच आमच्या दारात झोपल्यासारखं वाटलं मला. ही सगळी माणसं समोरच्या काचेनं पळवली, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तुम्ही म्हणालात, या लोकांना संदेश पाठवा, पण तो जाहिरातीसारखा वाटता कामा नये, जिव्हाळा हवा. इथून पुढचा दोष थोडा तुमचा आहे, थोडा व्याकरणाचा. मी लिहिलं: "खूप दिवस झाले, तुम्ही आला नाहीत. तुमची आठवण येते. सवड काढून एकदा या. आपली लॉन्ड्री तुमची वाट पाहते आहे." वाचून बघितलं. शेवटच्या वाक्यात जाहिरातीचा वास आला, म्हणून 'आपली लॉन्ड्री' एवढे दोन शब्द गाळले. 'पाहते' मात्र तसंच राहिलं. मी 'लॉन्ड्री'ऐवजी 'दुकान' लिहिलं असतं, तर 'पाहतं आहे' राहिलं असतं आणि पुढचं रामायण टळलं असतं. शिवाय माझ्या फोनचं चार्जिंग कधीच जागेवर नसतं, म्हणून दुकानाचा नंबर हिचा आहे. म्हणजे हिच्या फोनवरून, जिव्हाळ्यानं, स्त्रीलिंगात, सगळ्या निद्रिस्त ग्राहकांना एकदम तो संदेश गेला. त्यांतले बरेचसे पुरुष होते. (तुमचंही नाव यादीत होतं. तुम्ही 'आम्हालाही येते, पुढच्या महिन्यात जमवू' असं उत्तर पाठवलंत. ते डेटात धरलेलं नाही.)

सकाळी फोनानं जाग आली. मी झोपेतच उचलून सवयीनं दुकानाचं नाव सांगितलं. पलीकडून एक बाई "लॉन्ड्री काय? येतेच" म्हणाल्या. शटर निम्मं वर केलं, तर समोर चपला दिसल्या. पूर्ण वर केलं, तर व्यायामशाळेच्या मास्तरांच्या पत्नी! या नर्स आहेत, रात्रपाळीहून घरी पाऊल टाकून तशाच इकडे आल्या होत्या. त्यांच्या मागे आणखी दोघी, एकमेकींना अनोळखी, पण हातात नवऱ्याचा फोन धरायची तऱ्हा मात्र एकच.

"कोण बाई वाट बघतेय इथे आमच्या ह्यांची?" नर्सबाईंनी विचारलं.

"लॉन्ड्री," मी म्हणालो.

"लॉन्ड्री?"

"हो. स्त्रीलिंगी आहे."

साडूसाहेब, माझ्याकडे आजवर कुणी तशा नजरेनं पाहिलं नव्हतं. मास्तरांना हल्ली घरात काय सोसावं लागत असेल, याची मला कल्पना आली. मी टेबलाच्या मागे सरकलो आणि गार इस्त्री हातात घेतली, कशासाठी ते आजही सांगता येणार नाही. तेवढ्यात ही आतून हात पुसत आली, संदेश बघितला, आणि शांतपणे म्हणाली, "मीच बघतेय वाट. मास्तरांचे पांढरे सदरे हल्ली कुठे देता?"

नर्सबाईंनी हातातला फोन खाली केला. मग एकदम धाकट्या बहिणीपाशी बोलावं तशा म्हणाल्या, "कुठे देणार? एरवी मी रात्री सुटते, तेव्हा तुमचं शटर खाली. मग हेच धुतात. परवा माझ्या लाल ओढणीबरोबर भिजत घातले. आता व्यायामशाळेतली सगळी पोरं ह्यांना गुलाबमास्तर म्हणतात."

मागच्या दोघी हसल्या. आणि मग जे सुरू झालं, ते मी त्याच इस्त्रीसह ऐकत उभा राहिलो. एकीच्या नवऱ्याच्या कोटाचं बटण आम्ही तोडलं होतं आणि वर ते आमचं नव्हेच म्हणून हुज्जत घातली होती. (हुज्जत मी घातली होती.) दुसरीला जुळं झालं होतं, दोन्ही काखांत दोन पोरं घेऊन गठ्ठा कुठून आणणार? समोरच्या काचेत तिघींपैकी एकही गेलेली नव्हती!

दुपारपर्यंत फोनवर उत्तरं येत राहिली. भूगोलाच्या निवृत्त बाईंनी लिहिलं, 'आठवण मलाही येते. गुडघे जिना उतरू देत नाहीत. पण आपण कोण?' बेकरीवाल्यानं नुसतंच 'पत्ता पाठवा' असं लिहिलं. त्याला मी दुकानाचा पत्ता पाठवला, तर त्याचा दिवसभर जीव खट्टू झाला म्हणे. आणि संध्याकाळी घड्याळजी आले. स्वच्छ दाढी, पण सदरा चुरगळलेला. कपडे नेहमी त्यांची बायको आणायची. ती वर्षापूर्वी गेली, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं, आणि पावतीवर नाव तर त्यांचं होतं. म्हणाले, "कोणीतरी आठवण काढली म्हणून आलो. काय धुवायला द्यायचं आणि काय इस्त्रीला, ते सगळं ती बघायची. मला काही कळत नाही." काखेत घरातले होते नव्हते ते सगळे कपडे बांधून आणले होते. मी काउंटर मोकळा केला. हिनं गठ्ठा सोडला, त्यांना शेजारी उभं करून एकेक कपडा वेगळा काढून दाखवला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी तुम्ही वेगळे करा, मी तपासेन." ते आता दर आठवड्याला येतात. अजून चुकतात. मला वाटतं, मुद्दाम चुकतात.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही संदेश बंद केले. ही रोज दुपारी फोन लावून नुसतं विचारायची, 'येणं का थांबलं?' संगणकात आम्ही तेवढा एकच रकाना वाढवला. ज्यांनी नको म्हटलं, त्यांचा नंबर खोडून टाकला. बाकीच्यांची उत्तरं मी एका बोटानं भरत गेलो. जिने, पाळ्या, पोरं, दुखणी, आणि एक माझा स्वभाव. इतके दिवस मी काचेकडे डोळे वटारत बसलो होतो, आणि ती काच बिचारी निर्दोष होती.

मग आम्ही शटर उशिरापर्यंत उघडं ठेवायला लागलो. बटणांचा डबा काउंटरवरच ठेवला, तुटलं की लगेच लावून द्यायचं, कुणाचं ते विचारायचं नाही. आणि ज्यांना येणं जमत नाही, त्यांच्याकडे मी स्वतः जाऊन कपडे आणतो. भूगोलाच्या बाईंचे जिने चढताना त्यांच्या गुडघ्यांबद्दलचा माझा आदर दुणावतो. दोन्ही इस्त्र्या आता दिवसभर गार होत नाहीत. गोदामवाल्याला मी 'येत नाही' म्हणून कळवलं. काल तर समोरचा काचवाला स्वतः आला, रेशमी कपडा यंत्रात घालवत नाही, तुम्ही कराल का म्हणून. मी हिच्याकडे पाहिलं. हिनं कपडा घेतला आणि त्याला विचारलं, "तुमचा नंबर?"

तेव्हा साडूसाहेब, राग गेला आहे. भांडवलाचं तुम्ही म्हणालात, ते खरंच होतं. ताईंना नमस्कार सांगा, मानेला शेक द्या, आणि लिंबाला फार पाणी घालू नका.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. कंपनीची गाडी मिळाल्यापासून तुमची स्कूटर खाली आच्छादन घालून उभी आहे, असं ताई म्हणाल्या. उभ्या वाहनाची बॅटरी उतरते, टायर बसतात. मला त्या स्कूटरची फार काळजी वाटते. गठ्ठे आणायला ती इकडे आली, तर तिचीही प्रकृती सुधारेल.

आणखी एक ता. क. वरचं वाचून हे सगळं पत्र स्कूटरसाठीच लिहिलं, असा गैरसमज करून घेऊ नका. चार पानं तरी त्याआधीची आहेत.

भावोजी, आता मी लिहितेय, हे चहा ठेवायला गेलेत. तो संदेश पाठवण्याआधी ह्यांनी फोन माझ्या हातात दिला होता. मी वाचला होता. 'पाहते' दिसलं होतं, पण बदललं नाही. खोटं कुठे होतं? दुकान बंद पडू नये म्हणून मी खरंच वाट बघत होते. ह्यांना यातलं काही सांगू नका, व्याकरणाला दोष देण्यात ते सुखी आहेत. स्कूटर नक्की पाठवा. ह्यांना ती चालवता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही. मी नर्सबाईंकडून शिकून घेतली आहे. हे मागे बसतील, गठ्ठा धरायला कुणीतरी लागतंच.