अव्वाचा खांब आणि गुलाबी टाइल्स

सिद्धेश्वराचं देऊळ, कोल्हापूर

चि. संगमेश यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. (रागाच्या भरात दिलेत, तरी लागू पडतील.) तू खुशाल असशीलच, कारण तिकडं सगळं जपून ठेवतात. सौ. सौंदर्याला आणि मुलांना विचारल्याचं सांग. माझ्या गुडघ्यांची चौकशी मात्र करू नकोस. मी जयसिंगपूरला सासरी नाही आणि इथं माहेरच्या घरातही नाही. आपल्या गल्लीतल्या देवळात, अव्वाच्या खांबाला पाठ लावून सकाळपासून फरशीवर बसले आहे. मी उठले की मिस्त्री या खांबाला गुलाबी टाइल्स चिकटवणार. बाकीच्या खांबांना चिकटवून झाल्या. म्हणून मी उठत नाही.

तुझं मागचं पत्र पोचलं. सगळंच्या सगळं तुमच्या खेड्यातल्या चर्चबद्दल! आठशे वर्षांचा मनोरा, ओक लाकडाचं छप्पर, दगडाच्या सांध्यात सिमेंट चालत नाही, चुनाच लागतो, तो मळणारा माणूस लांबून बोलवावा लागतो. भिंतीत एक खिळा ठोकायचा तर परवानगी. म्हाताऱ्या माणसांसाठी एक संडास बांधायचा तर तीन वर्षं कागद फिरताहेत. छपरात वटवाघळं आहेत, ती प्रार्थनेच्या पुस्तकांवर घाण करतात, पण त्यांना हाकलायचं नाही, कायदा आहे. आणि हे सगळं सांभाळणाऱ्या समितीवर आमचे संगमेशराव! असं पत्र वाचून आनंद झाला असं लिहायचा रिवाज आहे. मला झाला नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आता आपल्याकडचं ऐक. देऊळ तुमच्या चर्चपेक्षा लहान असेल, पण वयानं कमी नसावं. काळ्या दगडाचे खांब, एकावरची नक्षी दुसऱ्यावर नाही. मागं कमिटीनं त्यांना ऑइलपेंट फासला तेव्हा मी सोसलं. नक्षीतले हत्ती पोपटी झाले, नंदी चंदेरी झाला (हुपरीच्या पैंजणासारखा चकाकतो, बिचारा). मग धूर करून वटवाघळं पळवली. तुमच्या समितीला हवी असतील तर सांग, बेघर आहेत. आणि आता जीर्णोद्धार! टाइल्स कसल्या, तर न्हाणीघराच्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक बदक. कमिटीचे अध्यक्ष आपले गुरुपादमामा. मी त्यांना तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. इंग्लंडात बघा, म्हटलं, जुन्याला किती मान आहे. मामांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "व्हय, त्यांचा देव गरीब हाय, म्हणून जुनंच वापरतोय. आपल्या देवाला काय कमी हाय? आणि टाइल्स पुसायला सोप्या पडत्यात की!" सगळ्या कमिटीनं माना डोलावल्या.

मग मी एका सरकारी कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी फोटो पाहिले. म्हणाले, बाई, देऊळ जुनं दिसत नाही, रंग दिलेला आहे, संरक्षित यादीत घालता येणार नाही. मी म्हटलं, यादीत घाला, म्हणजे रंग थांबेल. ते म्हणाले, रंग काढून आणा, म्हणजे यादीत घालू. (देऊळ काय रिक्षात घालून आणू?) यावर त्यांनी मला चहा पाजला. चहा चांगला होता, तेवढं मान्य करते.

म्हणून बसले. आणि बसल्यावर कळलं की माझ्यापाशी एक हत्यार आहे. मी या गल्लीची माहेरवाशीण! मला हात धरून कोण उठवणार? उपाशी तरी कोण ठेवणार? कमिटीनंच सकाळी उप्पीट आणलं, मग भडंग, मग शेजारच्या बाळाबाईनं झुणका-भाकरी. शेवटी मामांनी डाव टाकला. माहेरवाशिणीची ओटी भरली की तिनं देवाला नमस्कार करून सासरची वाट धरायची, हे तुला ठाऊक आहेच. गल्लीतल्या बायका तबकं घेऊन माझ्यासमोर रांगेत! मी पदर घट्ट खोचून ठेवला. म्हटलं, ओटीत हा खांब घाला, मगच उठते. मामा तांबडेलाल झाले. मीही झाले. मिस्त्रीनं मधल्या वेळात एक डुलकी काढली.

तुला आठवत नसेल, तू मांडीवरचा होतास. दर सोमवारी अव्वा याच खांबाला टेकून बसायची, तुझ्या डोक्यावर पदर धरून. तिच्या पाठीनं दगड तेवढ्या जागी गुळगुळीत झाला आहे. रंगातूनसुद्धा पाठीला कळतो. त्यावर बदक बसवणार आहेत, संगमेश! मला रडू येतं, आणि रडू आलं की जास्तच राग येतो.

तुझी,
विद्याश्री अक्का

ता. क. हे पत्र कोपऱ्यावरचा निसार त्याच्या एस.टी.डी. बूथवरून फॅक्स करणार आहे, म्हणून उशिरा पोचलं असं म्हणू नकोस.

ता. क. दुसरा. आत्ताच कमिटीनं संगमरवरी पाटी आणली. सोनेरी अक्षरं आहेत. 'मातोश्री कै. रत्नव्वा यांच्या स्मरणार्थ सर्व टाइल्स अर्पण, चि. संगमेश, इंग्लंड.' ती याच खांबावर, माझ्या पाठीमागं, चार भोकं पाडून बसवायची आहे. देवळासाठी काहीतरी करा म्हणून देणगी धाडलीस, आणि कशासाठी हे विचारलंही नाहीस. तिकडं खिळ्याला परवानगी मागतोस ना रे? मामा म्हणतात, "देणगीदार सांगंल तसं करू." तेव्हा त्यांना आजच फोन कर. अव्वाची खूण या खांबावर तिनं स्वतः केलेली आहे, तिला भोकं पाडू नकोस.

ता. क. तिसरा. फोन खरंच लवकर कर. बाळाबाई पुन्हा तबक घेऊन येते आहे, आणि या खेपेला त्यात इरकली लुगडं दिसतं आहे.