जनीचा गळा आणि 'अँग्झायटी'

सोमवार, ता. १ ऑक्टो. १९३४, उरण दवाखाना (नर्सची वही)
१. जनी, कोळीण, विशीतली. घास गिळवत नाही म्हणून परवा दवाखान्यात आली.
२. नवऱ्याची होडी ठरल्या दिवशी परतली नव्हती.
३. डॉ. साहेबांनी गळा न बघताच कागदावर 'अँग्झायटी' लिहिले. मन शांत करायला ब्रोमाइड दिले.
४. आज होडी आली. नवरा धडधाकट. जनीला आता पेजही उतरत नाही.

मंगळ., ता. २
ताप. मानेला डावीकडे सूज. सासू बाहेर गेल्यावर जनी म्हणाली, "बाय, काटा हाय. बोलू नको कुनाला. कोलनीच्या नरड्यान काटा? आख्खा कोलीवारा हसंल." शेजारणी म्हणाल्या घोर लागलाय, हिने मान डोलावली.
मी वचन दिले नव्हते. डॉ. साहेबांना सांगितले. त्यांनी सासूसमोरच विचारले.
जनी: "काटा न्हाय."
सासू: "काटा अडकाया माझी सून काय भटीन हाय?"
डॉ. हसले.

बुध., ता. ३
डॉ.च्या कपाटातला मोठा इंग्रजी कोश काढला. अँग्झायटी: मूळ लॅटिन 'आंगेरे', आवळणे, गळा दाबणे. मनाचा अर्थ मागून आला. आपल्याकडे जीव कंठाशी येतो, तसेच काहीसे. डॉ. साहेबांना दाखवले. म्हटले, तुमच्याच शब्दासाठी तरी गळा बघा.
"बाई, तुम्हांला पट्ट्या बांधायला शिकवलं की लॅटिन?"
शब्दाचे मूळ हा पुरावा नव्हे, मला कळते. पण दिवा आणि चमचा घेऊन मला दिसते ते जिभेच्या मुळापर्यंत. त्याखाली...
संध्या. तिचे तोंड नीट उघडत नाही. पाणी नाकातून येते. मुंबईला न्या म्हटले. नवरा म्हणाला, "डाक्टरनी लिवलंय नं, घोर हाय म्हून? मी तं आलो." डॉ.च्या चिठ्ठीशिवाय सासू हलू देत नाही. तो जनीसमोर नुसता बसून असतो, तिला दिसावा म्हणून.

गुरु., ता. ४
मुंबईत ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या घशाच्या सर्जनांना मोरा बंदराच्या लाँचने पत्र पाठवले. नक्कल:
"गिळणे बंद, ताप, मानेला सूज. काटा असल्याचे रोगी मला एकटीला सांगते, इतरांपुढे नाकारते. निदान करण्याचा मला अधिकार नाही. रोग्यास ताबडतोब पाठवावे, एवढे आपल्या सहीने लिहून द्यावे; डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घरचे हलवत नाहीत. उत्तर शनिवार ता. ६ पर्यंत यावे; त्यापुढे उशीर होईल."