यशयाचा एक शब्द आणि ठिबकवाला पाहुणा

बदनापूर,
नोव्हेंबरचा दुसरा सोमवार

आदरणीय दाजी यांस,

प्रभूच्या नावात तुमच्या मेव्हण्याचा, अंगदचा, सलाम. तुमचा गुडघा आणि सत्यशीलाताईची साखर दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. धरून चालावं लागतं, कारण गेल्या नाताळापासून भोकरदनहून एक अक्षर आलेलं नाही. (आधी कोणी विचारायचं, यावर आमच्या सौ. प्रेमलाचं मत वेगळं आहे. ते इथं लिहीत नाही.)

गेल्या नाताळात आमच्या चर्चमध्ये तुम्ही उपदेशाला उभे राहिलात आणि सांगितलंत, की यशया संदेष्ट्याच्या सातव्या अध्यायात ‘कुमारी गर्भवती होईल’ असं येशूच्या जन्माचं भाकीत आपण वाचतो तिथं मूळ इब्री शब्द नुसता ‘तरुणी’ असा आहे, आणि त्या बाळाचं चिन्ह आधी त्या काळच्या राजासाठी होतं. तुम्ही शिकलेले पाळक, मी भूगोलाचा रिटायर मास्तर. पण त्या एका वचनावर मी दर नाताळाला बावीस वर्षं उपदेश केलाय, म्हणून भर चर्चमध्ये उठून म्हणालो, “हे शास्त्र भोकरदनला शिकवा.” तुम्ही दोघं न जेवता निघून गेलात. (बिर्याणी दोन दिवस पुरली.)

तर गेल्या महिन्यात देवानंच सोय केली. आपली प्रिया जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत आहे. तिथं ठिबक बघायला गिलाद नावाचा इस्राएलचा माणूस आल्ता. मला वाटलं, खुद्द यशयाच्या देशाचा, घरी इब्री बोलणारा माणूस बदनापूरपर्यंत येतो, तो काय नळ्या बघायला? रविवारी जेवायला बोलावला. साक्षीला मालनबाईंना बसवलं. (त्याच, महिला मंडळाच्या. वय चौऱ्याहत्तर. माझ्या चुका उपदेश चालू असतानाच सांगतात.) वहीत लाल शाईनं येशूबद्दलची चव्वेचाळीस भाकितं काढून ठेवली.

पाहुणा हाफ पँटवर आला. ठेचा खाऊन त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या, तेव्हा मला क्षणभर वाटलं की पवित्र आत्म्याचं काम सुरू झालं. मग मी ते वचन पुढं केलं. त्यानं मोबाईलवर काढून इब्रीत वाचलं, आणि खरं सांगतो दाजी, अंगावर काटा आला. मालनबाईंनी डोक्यावर पदर घेतला. मी विचारलं, अर्थ काय?

त्याचं इंग्रजी मराठीत सांगत प्रिया म्हणाली, “तरुण बाई, असं म्हणून राह्यले.”

“बराबर विचार. कुमारी का?”

“असंल, नसंल. शब्द तेवढं सांगत न्हाई म्हणतात, पप्पा.”

वर त्यानं शाळेत शिकलेलं सांगितलं, की दोन राजे चालून आलेले, यहूदाचा राजा घाबरलेला, आणि संदेष्टा त्याला म्हणाला, हे बाळ कळतं होण्याआधी ते दोघं संपतील. सातशे वर्षांनी जन्मणाऱ्या बाळाचा त्या राजाला काय उपयोग, असं त्यानं मलाच विचारलं. मी जल्दीनं त्रेपन्नाव्या अध्यायावर गेलो, दुःख सोसणाऱ्या सेवकावर. तो म्हणाला, आमच्यात तो सेवक म्हणजे आमचे सगळे लोक. पण मला फार माहिती नाही, आजोबांना होती. मला नळीतल्या पाण्याचा दाब विचारा. बेचाळीस भाकितं वहीतच राहिली.

तेवढ्यात प्रेमला भाकरी घेऊन आली. “त्यांचा मशीहा आला का न्हाई, विचार गं.”

“अजून वाट बघून राह्यलो, म्हणतात.”

“मंग तवर जेवून घ्या म्हणावं.”

सगळे हसले. मी नाही. मालनबाई मात्र माझ्याकडं बघून म्हणाल्या, “मास्तर, तोंड कशाला पाडता? त्या राजाला त्याचं लेकरू मिळालं, आपल्याला आपलं. देवाचा शब्द काय एकाच लेकरात सरतो?”

दाजी, हे तुम्ही त्या दिवशी पुढं सांगणारच होता. मी उठलो म्हणून राहिलं. त्या रविवारी मला जेवण गेलं नाही. तरी विचार करता विजय तसा माझाच झाला, कारण चर्चा माझ्या घरी झाली.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
अंगद

ता. क. प्रेमलानं पत्र वाचलं. म्हणते, चार पानांत ‘चुकलो’ हा शब्द कुठंच नाही, तो घातल्याशिवाय पोस्टात टाकायचं नाही. तर, चुकलो. यंदा नाताळाचा उपदेश तुम्हीच करायचा, तोही पूर्ण. मी पहिल्या बाकावर बसेन. ताईला आणल्याशिवाय येऊ नका. वर्षभर तिचा आवाज ऐकलेला नाही.

ता. ता. क. हे प्रेमलाला न दाखवता लिहितो. नव्या करारात मत्तयानं ते वचन ग्रीकमध्ये लिहिलंय, आणि तिथला शब्द साफ ‘कुमारी’ असा आहे. ग्रीसहून कोणी बियाणं बघायला येतं का, याची प्रियाकडं चौकशी चालू आहे.